आकडा मोबाईलवर आला, पुढे काय?

सोसायटीचा ग्रुप, रविवार

सेक्रेटरी, ए-१०४ (सकाळी ९.०५)
सर्व सभासदांना नमस्कार. मागील आठवड्यात एका कंपनीचे प्रतिनिधी सोसायटीच्या कार्यालयात येऊन गेले. रक्तदाब, साखर आणि वजन मोजणारे एक यंत्र कार्यालयात बसवायचे, ज्येष्ठ सभासदांची मोजमापे कंपनीच्या ॲपवर साठवायची आणि त्यासाठी प्रत्येक फ्लॅटकडून वार्षिक वर्गणी घ्यायची, असा त्यांचा प्रस्ताव आहे. आपल्या ८४ फ्लॅटपैकी निम्म्याहून अधिक घरांत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा दम्याचा एक तरी रुग्ण आहे. पुढच्या रविवारच्या सभेत निर्णय घ्यायचा आहे. ज्यांच्या घरी अशा साधनांचा प्रत्यक्ष वापर झाला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. नुसता अंगठा दाखवून हा प्रश्न सुटणार नाही.

बी-४०२ (९.४०)
सेक्रेटरी साहेब, आमच्या घरचा अनुभव लिहिते. सासूबाईंना मधुमेह होऊन २२ वर्षे झाली आणि गेली ६ वर्षे त्या दिवसातून दोन वेळा इन्सुलिन घेतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एका सकाळी त्या देवघरासमोर घामाने भिजून बसलेल्या दिसल्या. हातात काडेपेटी होती, पण काडी ओढायची कशी हेच त्यांना सुचत नव्हते. ग्लुकोमीटरवर आकडा आला ४८. त्यानंतर डॉक्टरांनी दंडावर लावायचा सेन्सर सुचवला. नाण्यापेक्षा थोडी मोठी अशी ती चकती १४ दिवस दंडाला चिकटून राहते, त्वचेखालच्या द्रवातील साखर दर काही मिनिटांनी मोजते आणि मोबाईलवर तिचा आलेख दाखवते. पहिल्याच आठवड्यात कळले की रोज पहाटे तीनच्या सुमारास साखर उतरते आणि सहापर्यंत आपोआप बरीच वर येते. आम्ही रोज साडेसहाला बोट टोचत होतो, त्यामुळे आम्हाला दिसत होता तो नेहमी सावरलेला आकडा. डॉक्टरांनी आलेख पाहून रात्रीचे इन्सुलिन कमी केले आणि ते पहाटेचे उतरणे थांबले. या एका गोष्टीसाठी मी त्या सेन्सरची कायम ऋणी राहीन.

आता दुसरी बाजू. माझी नणंद फ्रँकफर्टला असते आणि सेन्सरचा इशारा तिच्याही मोबाईलवर जातो. जानेवारीत आम्ही लग्नासाठी कोल्हापूरला गेलो होतो. रात्री अडीच वाजता तिला ५४ चा इशारा आला. सासूबाई फोन उचलेनात, आमचे फोन सायलेंटवर होते. शेवटी तिने बी-४०१ च्या काकांना उठवले, कारण आमची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. काकांनी दार उघडले तेव्हा सासूबाई शांत झोपलेल्या होत्या आणि बोट टोचून पाहिले तर साखर ११८ होती. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपल्याने दंड दाबला गेला, तर सेन्सर खोटाच कमी आकडा दाखवू शकतो, ही गोष्ट विकणाऱ्याने आम्हाला सांगितली नव्हती आणि आम्हीही विचारली नव्हती. त्यानंतर सासूबाईंनी महिनाभर सेन्सर लावू दिला नाही. "माझ्यापायी परदेशातली पोरगी जागी राहते," असे त्या म्हणत राहिल्या. यंत्र आणण्याआधी घरातल्या माणसांनी एकत्र बसून काही गोष्टी ठरवायला हव्या होत्या, हे मला त्या महिन्यात उमगले.

बी-४०१ (९.५२)
सूनबाई, मला उठवल्याचे जराही वाईट वाटले नाही, हे आईंना पुन्हा एकदा सांगा. मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. साखर खरोखरच ५४ असती, तर काय करायचे हे मला ठाऊक नव्हते. आता तुमच्या फ्रिजवर जो कागद लावला आहे, त्याचा फोटो मी माझ्या मोबाईलमध्ये ठेवला आहे. साखर ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करायचा. किल्ली माझ्याकडे असताना हा कागद त्या रात्रीच्या आधीच माझ्याकडे असायला हवा होता.

सी-२०३ (१०.३०)
मी ३१ वर्षे सरकारी रुग्णालयात परिचारिका होते आणि शेवटची काही वर्षे सातारा जिल्ह्यात काम केले, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस जाहीर झाला आणि त्याच्या पहिल्या टप्प्यात ५ राज्यांतील सुमारे २५ जिल्हे घेतले गेले, त्यांत सातारा होता. आम्हाला 'सिंपल' नावाचे ॲप दिले होते. रुग्णाच्या कार्डावरचा चौकोनी कोड मोबाईलने वाचायचा, रक्तदाब आणि गोळ्या नोंदवायच्या, पुढची तारीख द्यायची, एवढेच त्याचे काम. केसपेपर शोधण्यात जाणारा वेळ वाचला, हा फायदा पहिल्याच दिवशी जाणवला. त्याहून मोठा फायदा कळायला दोन-तीन महिने लागले. ठरलेल्या तारखेला जे आले नाहीत, त्यांची यादी ते ॲप समोर ठेवत असे. रजिस्टरमध्ये आलेल्या माणसाची नोंद होते, न आलेल्याची कधीच होत नाही, आणि रक्तदाबाचा जो रुग्ण येत नाही त्याचीच काळजी करायची असते, कारण त्याला काहीही दुखत नसते. आम्ही त्या यादीतल्या लोकांना फोन करायचो. कुणी ऊसतोडीला गेलेले असायचे, कुणाला गोळ्या संपल्याचे सांगायला संकोच वाटायचा, आणि कुणी "आता बरे वाटते, म्हणून थांबवल्या" असे सांगायचे. फोन केल्यावर त्यातले बरेच जण परत येत.

त्या कंपनीच्या प्रतिनिधींना मी त्या दिवशी कार्यालयात एकच प्रश्न विचारला: एखाद्या काकूंनी तीन आठवडे मोजलेच नाही, तर ते तुमच्याकडे कोणाला कळेल आणि तो माणूस काय करेल? त्यांनी सांगितले की ॲप आपोआप आठवणीचा संदेश पाठवेल. ज्या काकू मोजायला येत नाहीत, त्या संदेश तरी उघडतील का?

दुसरी गोष्ट मोजण्याच्या रीतीची. परवा मी एका घरी गेले असता तिथले काका स्वेटरच्या बाहीवर पट्टा गुंडाळून, पाय सोफ्यावर घेऊन, टीव्हीवरच्या बातम्या ऐकत रक्तदाब मोजत होते. आकडा आला १५८. टीव्ही बंद करून त्यांना खुर्चीत पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसवले, उघड्या दंडावर पट्टा बांधला आणि हात टेबलावर छातीच्या पातळीला ठेवला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजले तर १३६ आणि १३४ आले. त्यांच्या रक्तदाबाच्या ॲपमध्ये मात्र गेले चार महिने स्वेटरवरचे आकडे साठलेले आहेत आणि त्यांवरून लाल रेघांचा मोठा देखणा आलेख तयार झाला आहे. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी आकडा असाच वाढून येतो.

ए-३०४ (११.०५)
सिस्टर, ते स्वेटरवाले काका मीच, हे सर्वांना सांगायला माझी हरकत नाही, कारण त्यातून दुसरे कुणी शिकले तर बरेच आहे. माझ्या हृदयाचे पंपिंग कमी आहे. पत्नी गेल्यापासून मी एकटाच राहतो. वजनाच्या नोंदीसाठी मुलाने आणखी एक ॲप घालून दिले होते, पण त्यातली अक्षरे बारीक, भाषा इंग्रजी, आणि पासवर्ड विसरलो की सगळे अडून बसायचे. त्यामुळे मी रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करतो आणि कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहितो. दर रविवारी त्या पानाचा फोटो मुलाला पाठवतो. तीन दिवसांत वजन २ किलोने वाढले तर लगेच फोन करायचा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे, कारण ते वजन अंगात साठलेल्या पाण्याचे असू शकते. गेल्या श्रावणात ६१.४ वरून तिसऱ्या दिवशी ६३.६ झाले आणि चपलेचा पट्टा पायात रुतू लागला. मी फोन केला, मुलाने व्हिडिओवर माझे घोटे डॉक्टरांना दाखवले, त्यांनी लघवीच्या गोळीचे प्रमाण वाढवले आणि दोन दिवसांत रक्ताची तपासणी करून घेतली. रुग्णालयात दाखल व्हावे लागले नाही. त्याच्या आदल्या वर्षी हेच पाणी लक्षात आले नव्हते, तेव्हा चार दिवस अतिदक्षता विभागात काढले होते.

डी-५०१ (११.४५)
काका, तुमचे कालनिर्णय आणि मुलाचा मोबाईल मिळून जे झाले, त्यालाच मी दूरस्थ देखरेख म्हणेन. फिजिशियन म्हणून काही मुद्दे मांडतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. ओपीडीत एका रुग्णाला मिळणारी मिनिटे आपण सर्व जाणता. अशा वेळी रुग्णाने तीन महिन्यांचे सहाशे आकडे माझ्यापुढे ठेवले तर माझे काम सोपे होत नाही. भेटीच्या आधीचे सात दिवस, सकाळी आणि संध्याकाळी नीट मोजलेला रक्तदाब एका पानावर मिळाला, तर गोळी वाढवायची की नाही हे मी अधिक खात्रीने ठरवू शकतो. घरी मोजलेल्या रक्तदाबाची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल तर ती वाढलेली समजतात, दवाखान्यात ही मर्यादा १४०/९० धरतात, म्हणून दोन्ही आकड्यांची सरमिसळ करू नये.

बोट न टोचता साखर सांगतो असा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या कृपया घेऊ नका. अमेरिकेतील औषधे व वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांबाबत स्पष्ट इशारा दिला आहे, आणि चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतले तर जिवावर बेतू शकते. पट्ट्याविना रक्तदाब दाखवणाऱ्या घड्याळावरूनही गोळीत बदल करू नये.

व्हिडिओवरील सल्ल्याविषयी अनेकांच्या मनात शंका असते. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टर असा सल्ला देऊ शकतात. त्याच आजारासाठी प्रत्यक्ष भेट झाल्यापासून सहा महिन्यांच्या आतला सल्ला पुढील पाठपुरावा मानला जातो, आणि चालू गोळ्या पुढे सुरू ठेवण्यासाठी ही सोय फार उपयोगी आहे. ज्यांचे आईवडील गावी आहेत त्यांच्यासाठी सरकारची ई-संजीवनी सेवा विनामूल्य आहे. मात्र छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, धाप लागणे यांसाठी मोबाईल फक्त १०८ लावण्यापुरताच हातात घ्यावा.

ई-३०२ (दुपारी १२.२०)
मी सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे, म्हणून कंपनीच्या अटी पूर्ण वाचल्या. सभासदांचे आकडे "सहयोगी संस्थांना" देता येतील असे त्यांत लिहिले आहे, पण त्या संस्था कोणत्या हे कुठेही लिहिलेले नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ नुसार संमती ही मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी आणि माहिती घेऊन दिलेली असावी लागते आणि ती मागे घेता येते. कमिटीने ठराव केला म्हणून ८४ घरांच्या वतीने ती संमती दिली गेली, असे होऊ शकत नाही. ज्यांना आपले अहवाल एकत्र हवे आहेत त्यांनी स्वेच्छेने सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा १४ अंकी 'आभा' क्रमांक काढावा. त्यात नोंदी त्या त्या रुग्णालयाकडे किंवा लॅबकडेच राहतात आणि आपण परवानगी दिल्यावरच दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात.

एक विनंती मनापासून करते. गेल्या महिन्यात या ग्रुपवर एका काकांचा किडनीचा अहवाल टाकला गेला आणि तासाभरात त्यावर काढ्यांचे सल्ले येऊ लागले. त्यांच्या मुलीला ते वाचून किती त्रास झाला, हे मला तिने स्वतः सांगितले. कुणाचाही अहवाल येथे टाकू नये आणि कुणालाही येथे औषध सुचवू नये.

डी-५०१ (१२.२६)
पूर्ण सहमत. किडनीच्या रुग्णासाठी अनोळखी काढा अपायकारक ठरू शकतो.

बी-४०२ (१२.४०)
माझे मत असे की कार्यालयात यंत्र नको. सासूबाई वॉचमनसमोर बोट टोचून घेणार नाहीत, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्या खाली उतरणारच नाहीत. त्या पैशांतून मोजायला शिकवण्याची सोय झाली तर अधिक बरे होईल.

सेक्रेटरी, ए-१०४ (दुपारी १.१५)
सर्वांचे मनःपूर्वक आभार. वर्गणीचा प्रस्ताव नाकारावा, अशी शिफारस मी सभेपुढे ठेवीन. त्याऐवजी दंडावर पट्टा बांधायची, प्रमाणित केलेली दोन रक्तदाब यंत्रे, सोबत मोठ्या मापाचा पट्टा, सोसायटीने घ्यावीत आणि सभासदांनी ती गरजेनुसार घरी न्यावीत. सी-२०३ च्या सिस्टरांनी शनिवारी सकाळी ८ ते १० या वेळात मोजण्याची रीत शिकवण्याचे मान्य केले आहे. ज्यांना खाली येणे जमत नाही त्यांच्या घरी त्या स्वतः जातील. ज्यांची इच्छा असेल त्यांनी आपल्या घरासाठी दोन नावे मला वैयक्तिक संदेशाने कळवावीत: रात्री इशारा आला तर पहिला फोन कुणाला आणि किल्ली कुणाकडे. ही यादी ग्रुपवर येणार नाही. ती फक्त माझ्याकडे आणि सिस्टरांकडे राहील, आणि जो शनिवारी आला नाही त्याला रविवारी आम्ही दोघांपैकी एक जण फोन करू.

ए-३०४ (१.२२)
माझी पहिली नोंद घ्या. किल्ली ए-३०३ मध्ये आहे. शनिवारी अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून येतो.