‘स्टॉकिंग स्टफर’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न:

नाताळसाठी घरच्यांना काय काय घेता येईल, याची एक यादी मराठीत लिहिते आहे. यादीत महागडं काही नाही. ओठांना लावायचं मलम, नेलकटर, खिशात मावणारी विजेरी, चार्जिंगची केबल, मोजपट्टी, सुईदोऱ्याची डबी, पत्त्यांचा कॅट, फुलझाडांच्या बियांची पाकिटं, असंच सगळं. इंग्रजीत या सगळ्याला मिळून ‘स्टॉकिंग स्टफर्स’ म्हणतात. मोठी भेट झाडाखाली ठेवतात आणि ही बारकी मंडळी टांगलेल्या मोज्यात जातात.

मराठीत ‘मोजाभेट’ कसा वाटतो? शिवाय यादीच्या मथळ्यात ‘प्रॅक्टिकल’, ‘बजेट-फ्रेंडली’ आणि ‘फॉर द फॅमिली’ हेही आणायचं आहे. ‘कुटुंबासाठी व्यावहारिक व किफायतशीर मोजाभेटी’ असं लिहिलं तर वाचणारा पुढे वाचेल का, अशी शंका आहे.

प्रतिसाद:

‘मोजाभेट’ नको. मराठीत ‘भेट’ म्हणजे वस्तूही आणि गाठ पडणंही. समासात शेवटी आली की दुसराच अर्थ आधी डोक्यात येतो. गळाभेट, भरतभेट, तशी मोजाभेट. दोन मोजे एकमेकांना भेटले असं वाटतं. ‘मोज्यातल्या भेटी’ म्हटलं की घोटाळा मिटतो, पण शब्द जरा सैल पडतो.

माझी सूचना ‘मोजाभर भेटी’. मूठभर, ओंजळभर, पसाभर, खिसाभर हे आपण रोज बोलतो. ‘भर’ लागला की भांडं आणि माप दोन्ही एकदम येतात. मोज्याचं नेमकं तेच आहे, तो पिशवीही आहे आणि मापही. त्यात जे मावतं तेच द्यायचं, म्हणून वस्तू लहान, आणि एकट्या वस्तूने मोजा भरत नाही, म्हणून त्या चारपाच. वस्तू लहान आहेत, एकाहून जास्त आहेत आणि मोज्यात आहेत, हे सगळं ‘मोजाभर’ एका दमात सांगतो. ‘भेटवस्तू’ हा शब्द यातलं काहीच सांगत नाही.

आणखी एक गोष्ट. आपण एरवी ‘मोजे’ असंच म्हणतो. एकवचनी ‘मोजा’ तोंडात येतो तो जोडीतला एक हरवला की. त्यामुळे ‘मोजा टांगला’, ‘मोजा भरला’ असं नुसतं लिहिलं तरी हा पायात घालायचा नव्हे हे वाचणाऱ्याला कळतं. ‘ख्रिसमस स्टॉकिंग’ असं मुद्दाम सांगावं लागत नाही. पहिल्यांदा ‘नाताळचा मोजा’ लिहा, पुढे नुसता ‘मोजा’ पुरे.

प्रतिसाद:

‘मोजाभर’ छान आहे. ‘मोजा’ फारसीतून आलेला शब्द आहे, ‘मोजणे’शी त्याचं नातं नाही. फारसीत त्याचा अर्थ उंच बूट. इथे तो जुना अर्थही उपयोगी पडतो, कारण सगळीकडे मोजाच टांगतात असं नाही. नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या आधीच्या दिवसांत मुलं बूट ठेवतात, जर्मनीत ५ डिसेंबरच्या रात्री. इटलीत बेफाना नावाची म्हातारी ६ जानेवारीच्या आदल्या रात्री येते, आणि तिथे मात्र मोजेच असतात.

प्रथेची मुळं संत निकोलसच्या कथेत सांगतात. चौथ्या शतकातले हे मायराचे बिशप. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं देमरे. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नाला पैसे नव्हते, तेव्हा निकोलसनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या खिडकीतून आत टाकल्या. कथेच्या नंतरच्या रूपांत हे सोनं चुलीपाशी वाळत घातलेल्या मोज्यात पडतं. मोज्याच्या टोकाशी संत्रं ठेवायची रीतही काही जण याच सोन्याशी जोडतात.

मला या कथेतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या सोन्याची त्या घराला गरज होती. मोज्यातली भेट गरजेची असावी, शोभेची नको, हे तिथूनच आलेलं आहे असं मी मानतो. म्हणून तुमच्या यादीतली सुईदोऱ्याची डबी मला खेळण्यापेक्षा जास्त अस्सल वाटते.

मूळ प्रश्नकर्ती:

‘मोजाभर भेटी’ घेते. आता क्रियापद सांगा. इंग्रजीतला ‘स्टफ’ म्हणजे ठासणं, कोंबणं. ‘मोज्यात कोंबायच्या भेटी’ असं लिहायला हात धजत नाही.

प्रतिसाद:

धजू नयेच. कोंबतात ते कपाटात, नको असलेलं. इथे ‘भरणे’ हेच क्रियापद. ओटी भरतात, तसा मोजा भरायचा. इंग्रजीतही मूळ क्रियापद तेवढं धसमुसळं नव्हतं. १८२३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरात एका वर्तमानपत्रात छापून आलेल्या संत निकोलसवरच्या सुप्रसिद्ध कवितेत तो मोजे भरतो, ठासत नाही.

‘मोजाभरणी’ हा शब्दही वापरा, पण वस्तूंसाठी नाही, त्या कामासाठी. पायाभरणी ही क्रिया, तशी मोजाभरणी ही क्रिया. ते कामही नीट करण्यासारखं आहे, म्हणून यादीच्या खाली दोन ओळी त्यावर लिहाच. जड आणि गोल वस्तू तळाशी, टाचेच्या पुढे, म्हणजे मोजा आकार धरतो. चपट्या वस्तू, म्हणजे बियांची पाकिटं, छोटी वही, पत्त्यांचा कॅट, पोटरीच्या भागात उभ्या. पेन किंवा ब्रशसारखं लांब काही असेल तर ते सगळ्यात शेवटी, तोंडाशी डोकावेल असं. विणलेला मोजा ओझ्याने लांबत जातो, कापडी लांबत नाही, तेव्हा विणलेल्यात जरा कमीच भरा. आणि अगदी लहान मुलांच्या मोज्यात बटणासारखे चपटे सेल किंवा बारीक लोहचुंबक असलेलं काहीही नको. तो सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. नाताळातच नव्हे, एरवीही लक्षात ठेवावं असं आहे हे.

प्रतिसाद:

विशेषणांबद्दल. ‘व्यावहारिक’ काढा. मराठीत व्यावहारिक माणूस म्हणजे हिशेबी माणूस, आणि व्यावहारिक भेट म्हणजे काहीतरी काम काढून घ्यायला दिलेली भेट वाटेल. ‘कामाच्या’ किंवा ‘रोजच्या वापरातल्या’ म्हणा.

‘बजेट-फ्रेंडली’साठी ‘स्वस्त’ही नको, देणाऱ्यालाही ओशाळं वाटतं आणि घेणाऱ्यालाही. ‘अल्पमोली, बहुगुणी’ ही जोडी आपल्याकडे आहेच आणि तुमचे दोन्ही अर्थ तीत येतात. जाहिरातीचा वास नको असेल तर ‘खिशाला परवडणाऱ्या’.

‘कुटुंबासाठी’ म्हटलं की सगळ्यांत मिळून एकच वस्तू वाटते. शिवाय जुन्या बोलण्यात ‘आमचं कुटुंब’ म्हणजे बायको. मोजा ज्याचा त्याचा असतो, म्हणून ‘घरच्यांसाठी’.

मूळ प्रश्नकर्ती:

पटलं. आणि या वस्तूंना एकत्रित काय म्हणू? सटरफटर, किरकोळ, किडूकमिडूक, बारीकसारीक, सगळेच डोक्यात आले.

प्रतिसाद:

बारीकसारीक. बाकीच्यांत कमीपणा आहे. सटरफटर म्हणजे टाकून दिलं तरी चालेल असं. ‘किरकोळ खर्च’ चालतो, पण ‘किरकोळ भेट’ म्हटलं की ती देणाऱ्याच्या मनातली किंमत होते. किडूकमिडूक मला फार आवडतो, पण त्यात साठवून ठेवलेल्या चारदोन दागिन्यांचा अर्थ आहे आणि तो माणूस स्वतःच्या चीजवस्तूंबद्दल बोलताना वापरतो. दुसऱ्याने आपल्याला दिलेल्याला किडूकमिडूक म्हणणं बरं दिसत नाही. ‘बारीकसारीक’ फक्त आकाराबद्दल बोलतो, मोलाबद्दल गप्प राहतो. आपल्याला तेच हवं आहे.

काटकसरीचा एक मुद्दा यादीत नक्की घाला: जोड्यांनी, पाकिटांनी मिळणाऱ्या वस्तू घेऊन फोडायच्या आणि वाटायच्या. पेनांचं एक पाकीट चार मोज्यांत जातं. यात प्रत्येकाच्या मोज्यात वस्तूंची संख्या सारखी ठेवा. मुलं किंमत बघत नाहीत, नग मोजतात.

मूळ प्रश्नकर्ती:

मथळा असा ठरवला: ‘घरच्यांसाठी मोजाभर भेटी: बारीकसारीक, कामाच्या, खिशाला परवडणाऱ्या’. एकच अडलं. अनेक माणसांचे मोजे असतील तर ‘मोजेभर’ करायचं का?

प्रतिसाद:

नाही. दहा जणांना दिलं तरी ‘मूठभर दाणे’च, ‘मुठीभर’ होत नाही. ‘भर’च्या आधीचा शब्द एकवचनीच राहतो. प्रत्येकाला मोजाभर.