परदेशात फोनचं काय करता? स्वस्तात कसं जमवलंत ते सांगा

ओसरी
काल जाऊबाईंचा फोन आला. त्या आणि भाऊजी मे महिन्यात टूरबरोबर पॅरिस-स्वित्झर्लंड करणार आहेत. "तिकडे फोनचं काय करायचं गं?" बोलता बोलता मला २००५ साल आठवलं. लग्न होऊन नुकतीच न्यू जर्सीला गेले होते. एडिसनच्या ओक ट्री रोडवर किराणा दुकानात गल्ल्यामागे कॉलिंग कार्डं टांगलेली असायची. पाच डॉलरचं कार्ड घ्यायचं, मागचा चंदेरी पट्टा नाण्याने खरवडायचा, आधी टोल फ्री नंबर, मग लांबलचक पिन, मग ०११-९१ आणि सांगलीचा नंबर. एवढं करून आईचा फोन एंगेज! कार्डावर छापलेली मिनिटं कधीच पूर्ण मिळायची नाहीत, कनेक्शन फी कापली जायची. एक मिनिट उरलंय असं मशीन सांगायचं आणि आई नेमकी तेव्हाच मुद्द्यावर यायची.
आता सोयी भरपूर आहेत, पण दुकानदार त्याच्याकडचंच कार्ड चांगलं म्हणतो. म्हणून इथे विचारतेय. कुठे गेलात, काय घेतलंत, काय परवडलं ते लिहा. धागा जाऊबाईंना पाठवणार आहे, तेव्हा सोप्पं लिहा प्लीज.

गोदाकाठ
फ्रान्सचं सिम घेतलं की इटली, जर्मनी सगळीकडे तेच चालतं. १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये रोमिंगचे जादा पैसे घेता येत नाहीत (अर्थात वाजवी वापरापुरतं). नॉर्वे, आइसलँड युनियनमध्ये नाहीत तरी त्यांनाही हा नियम आहे. पण स्वित्झर्लंडला नाही!! आणि आपल्या सगळ्या टूर तिथेच जातात. काही कंपन्या आपणहून स्वित्झर्लंड धरतात, काही नाही. घेतानाच विचारा.
लेक कॉन्स्टान्झला शिकतो. गाव जर्मनीत, पण पलीकडचा रस्ता स्विस. तळ्याकाठी चालताना फोन परस्पर पलीकडचा टॉवर पकडतो. म्हणून तो सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक बंद करून जर्मन नेटवर्क हाताने निवडून ठेवतो.

टण्णू
+१. लंडनही आता त्या नियमात नाही, ब्रेक्झिटनंतर कंपनीगणिक वेगळं.

रानजाई
सगळे डेटाचंच सांगाल, ओटीपीचं कोण सांगणार? बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवरच येतो. ते सिम काढून डबीत ठेवलं की कार्ड असून अडकलात. दोन सिमचा फोन असेल तर आपलं सिम आतच राहू द्या, फक्त त्याचं डेटा रोमिंग (बाहेरच्या देशात आपल्या सिमवरचं नेट) बंद. नेट नव्या सिमवर. रोमिंगमध्ये येणारे मेसेज बहुतेक प्लॅनमध्ये फुकट असतात. मात्र निघण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या आणि प्लॅनची मुदत परतीच्या तारखेच्या पुढची हवी.
आणि आपल्या नंबरवर आलेला फोन उचलू नका!! पॅक नसेल तर येणाऱ्या फोनचेही पैसे लागतात. माझ्या आत्तेसासूबाईंना भिशीच्या बायका रोममध्ये फोन करत होत्या आणि त्या प्रेमाने उचलत होत्या.
कुकर झाला, बाकीचं नंतर.

ओसरी
रानजाई, हे अगदी कामाचं. भाऊजी कुणाचाही फोन उचलतात, त्यांना आजच सांगते.

मुक्काम_दुबई
आमच्याकडे सिम मिळायला काही त्रास नाही, पासपोर्ट दाखवा आणि घ्या. अडचण वेगळीच. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, फोटो जातो, कॉल लागत नाही. इंटरनेटवरून फुकट कॉल इथे बंद आहेत, बोटिमसारखी परवानगी असलेली अ‍ॅप घ्यावी लागतात. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर दोन्हीकडे जीव टांगणीला. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा कॉल लागेना म्हणून बाबांनी इकडे शेजाऱ्यांपासून सगळ्यांना मेसेज केले होते.

शिरीष७१
चीनचा अनुभव. मी यिवूला माल बघायला जातो. तिथलं सिम स्वस्त, पण त्यावर गूगल नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही. आपल्या सिमवर रोमिंग घेतलं की दोन्ही चालतं. कारण रोमिंगमध्ये डेटा आधी आपल्या देशातल्या कंपनीकडे येतो आणि तिथून पुढे इंटरनेटला जातो. नेट थोडं हळू वाटतं तेही त्यामुळेच. दुकानात उभं राहून मालाचे फोटो भावाला पाठवायचे असतात, ते गेले नाहीत तर सौदा अडतो. चीनसाठी मी इथलाच पॅक घेतो, बाकी सगळीकडे तिथलं सिम.

सायली_गावभाग
ओसरी, सांगलीत कुठे तुम्ही?? मी गावभागातली.

ओसरी
अगं माझं माहेर हरभट रोडच्या मागेच! व्यनि (खासगी निरोप) करते.

पाटीलबुवा
ई-सिमचं कुणी लिहिलं नाही अजून. कार्डच नसतं. क्यूआर कोड येतो, घरच्या वायफायवर निघायच्या आधी टाकून ठेवायचा, विमानतळावर उतरलं की चालू. आपल्या फोनला सोय आहे का ते बघायला *#०६# डायल करा. ईआयडी नावाचा लांब नंबर दिसला तर आहे.
बहुतेक प्रवासी ई-सिममध्ये फक्त डेटा मिळतो, नंबर मिळत नाही. व्हिएतनामला आम्ही एकाच्याच फोनवर मोठा पॅक घेतला आणि बाकीच्यांना हॉटस्पॉट. परवडलं, पण चुकामूक झाली की बाकीच्यांकडे नेट नाही. म्हणून दोघांकडे तरी असू द्यावं.
अमेरिकेहून कुणी आणून दिलेला फोन असेल तर तो तिथल्या कंपनीला लॉक आहे का बघा, लॉक असेल तर दुसरं सिम चालणार नाही. आणि तिकडच्या आयफोनला १४ पासून सिमचा ट्रेच नाही, ई-सिमच घ्यावं लागतं.

दर्यावर्दी
मी मर्चंट नेव्हीत. आमचं सगळं बंदरावर. जहाज धक्क्याला लागलं की गँगवेच्या (जहाजावरून उतरायच्या शिडीच्या) तोंडाशी सिमवाला हजर. खांद्याला पिशवी, हातात ट्रे उघडायची टाचणी, आणि भाव दुकानापेक्षा चढा. तरी पोरं घेतात, कारण मुक्काम काही तासांचा आणि घरी बाळ झालेलं असतं. नवीन पोरांना मी सांगतो, त्याच्यासमोरच सिम टाका, नेट लागलं तरच पैसे द्या. वेळ असेल तर सीमेन्स क्लबला (खलाशांसाठी बंदराजवळ असतो तो) जा. तिथे वायफाय मिळतं, सिमही बऱ्याचदा वाजवी, आणि बसून शांतपणे बोलता येतं. माझे वडीलही बोटीवर होते. ते घरी फोन करायचे ते अशाच क्लबातून, आई वाडीतल्या पोस्टात येऊन थांबलेली असायची.
आता बऱ्याच जहाजांवर वायफाय आहे, ते चांगलं झालं.

रानजाई
दर्यावर्दी, वाचून गलबलून आलं. सांभाळून राहा दादा.

निशिगंध
जहाजावरून आठवलं. क्रूझला जाणाऱ्यांनी बंदर सुटताच फ्लाइट मोड टाका. जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइटवरचं नेटवर्क असतं, फोन ते आपोआप पकडतो आणि ते भयंकर महाग असतं. साधे पॅक त्याला लागू नसतात. आमच्याबरोबरच्या एका काकांना परत आल्यावर जे बिल आलं ते बघून त्यांच्या मुलीला रडू फुटलं.
आम्हाला टूरवाल्यांनी मुंबईतच भाड्याचं सिम दिलं होतं. अनामत परत मिळायला इतके हेलपाटे घातले की पुन्हा नाही घेणार.

टण्णू
परदेश नाही, तरी लिहितो. काश्मीरला बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड चालत नाही, पोस्टपेडच लागतं. श्रीनगरला उतरल्यावर कळून उपयोग नाही.

गोदाकाठ
हो! आणि गूगल मॅपचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा कुठेही जाताना. फुकट आहे.

सायली_गावभाग
नेपाळचं कुणाला माहितीये का? सासूबाईंना पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ करायचंय.

पाटीलबुवा
काठमांडूच्या विमानतळावरच नेपाळ टेलिकॉम आणि एनसेलचे स्टॉल आहेत. ओळखपत्र आणि पासपोर्ट साइज फोटो जवळ ठेवा. मुक्तिनाथला जाणार असाल तर नेपाळ टेलिकॉम घ्या, मुस्तांगकडे त्याची रेंज जास्त बरी. सासूबाईंना गरम कपडे न्यायला सांगा, वर वारा फार.