गूगल अ‍ॅड्सचा पत्त्याचा नियम: छोट्या दुकानदाराला त्रास की गरज?

तुळशीबागकर: गूगलच्या जाहिरातीत दिसणारं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, आणि क्लिकनंतर उघडणारं डोमेन एकच हवं म्हणे. आमच्याकडे निम्म्या लोकांचं डोमेन नावापुरतं, माल सगळा मार्केटप्लेसवर, म्हणजे दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारात. दुकान त्यांचं, माल त्यांचा, क्लिकचे पैसेही तेच भरणार, मग आपल्या नावावरून तिकडे पाठवलं तर बिघडलं कुठे? छोट्या माणसाला छळायचे धंदे.

कोथरूडचा क्लिकवाला: उत्तर देणार नव्हतो पण "छळायचे धंदे" वाचून डोकं फिरलं. हा नियम कालचा नाही हो, 2008 पासून कडक पाळला जातोय. उद्या कोणी बँकेचं नाव दाखवून भलत्याच पानावर नेलं तर पहिली बोंब तुम्हीच माराल. मार्केटप्लेसवरच पाठवायचंय ना, मग फायनल यूआरएलमधे, म्हणजे क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाच्या पत्त्यात, थेट तेच पान टाका, वर नाव त्यांचं दिसेल तेवढं सोसा.

तुळशीबागकर: नाव त्यांचं आणि बिल आमचं, वा! आणि खरेपणाचा एवढा पुळका असेल तर डोमेनपुढचे ते 15-15 अक्षरांचे दोन पाथ काय आहेत? तिथे "गणपती/मखर" लिहा, तसं पान साइटवर नसलं तरी खुशाल दिसतं.

कोथरूडचा क्लिकवाला: पाथ शोभेचा आहे, बरं, मान्य. पण डोमेन 2016 नंतरच्या जाहिरातींत गूगलच फायनल यूआरएलमधून उचलतं, तुम्हाला टाईप करताच येत नाही.

सदाशिवपेठी: मधे क्लिक मोजणारी ट्रॅकिंगची लिंक असते म्हणून डोमेन बदलतं, असं आमचा एजन्सीवाला सांगतो.

कोथरूडचा क्लिकवाला: थापा. सर्चमधे 2018 पासून पॅरलल ट्रॅकिंग सक्तीचं आहे, माणूस थेट फायनल पानावर जातो, मोजणी मागे चालू राहते.

भाजणीवाली: एजन्सीचा विषय निघालाच आहे तर ऐका. माझ्या घरगुती भाजणीच्या साइटचं डोमेन एका एजन्सीने स्वतःच्या नावावर घेतलं, जाहिरातीचं अकाउंटही त्यांच्याच लॉगिनमधे, कार्ड मात्र माझं. काम थांबवते म्हटलं तर दुसऱ्या दिवशी साइटवर पिवळी पट्टी, "अंडर कन्स्ट्रक्शन", आणि जाहिरात चालूच! दिवाळीच्या तोंडावर मोबाईलवर पैसे कापल्याचे मेसेज येतायत आणि ऑर्डर एक नाही.

कोथरूडचा क्लिकवाला: तसलं पानही नियमात बसत नाही, पण पकडलं जाईपर्यंत चालतं.

बाणेर डिजिटल: एजन्सीवाले सगळे चोर, झालं? क्लायंट ओटीपीसाठी फोन उचलत नाही, डोमेनच्या रिन्यूअलचे पैसे थकवतो, मग आम्ही आमच्या नावावर घेणारच.

भाजणीवाली: रंगकाम दिलं म्हणून रंगारी फ्लॅट स्वतःच्या नावावर करतो का हो?

बाणेर डिजिटल: पेमेंट वेळेवर करा, मग बोला.

भाजणीवाली: आगाऊ दिलेलं होतं. पावती दाखवू?

सदाशिवपेठी: मूळ विषय गेला खड्ड्यात.

तुळशीबागकर: गेलाच. ठीक आहे बुवा, नियम पवित्र, आम्हीच लबाड. पण डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघायचं कुठे?

कोथरूडचा क्लिकवाला: रजिस्ट्रारच्या, म्हणजे जिथून डोमेन घेतलं त्या कंपनीच्या लॉगिनमधे. लॉगिन कोणाकडे आहे तुमचं?

तुळशीबागकर: ...भाच्याकडे. तो आता बंगळुरूला असतो.

भाजणीवाली: आजच फोन लावा त्याला, आणि डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवायला लागतो तो ऑथ कोडही मागून घ्या.