काळ-काम: एकजण मधेच काम सोडून गेला तर दिवस कसे काढायचे?

शेष_शून्य:
स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. काळ-कामाची साधी गणितं सुटतात पण हे अडलंय. अ एक काम 12 दिवसांत करतो, ब तेच काम 18 दिवसांत. दोघं एकत्र सुरू करतात पण काम संपायच्या 3 दिवस आधी अ सोडून जातो, तर काम एकूण किती दिवसांत झालं? दोघांचं मिळून 7.2 दिवस येतंय, आता ते 3 दिवस यात कुठे बसवायचे तेच कळेना. उत्तर 9 दिलंय. नुसतं सूत्र नका देऊ प्लीज, सूत्रं पाठ आहेत, प्रश्न जरा फिरवला की उपयोगाची राहत नाहीत.

लसावि_वाला:
7.2 बाजूला ठेवा, तो आकडा दोघं शेवटपर्यंत राहिले तरच खरा, आणि इथे ते राहिलेलेच नाहीत.

12 आणि 18 चा लसावि 36, म्हणजे काम 36 भागांचं धरा. अ रोज 3 भाग करतो, ब रोज 2. आता समजा अ गेलाच नाही, शेवटचे 3 दिवसही थांबला, तर त्याने अजून 9 भाग केले असते ना, म्हणजे तेवढ्याच दिवसांत 36 ऐवजी 45 भाग झाले असते, आणि रोजचे दोघांचे मिळून 5, तर 45 भागिले 5 बरोबर 9 दिवस. ताळा करून बघा, अ 6 दिवस म्हणजे 18 भाग, ब 9 दिवस म्हणजे 18 भाग, झाले 36.

प्रश्नात "सुरू केल्यावर 3 दिवसांनी गेला" असं असतं तर गणित वेगळं झालं असतं. पहिल्या 3 दिवसांत 15 भाग, उरले 21, ते एकटा ब साडेदहा दिवसांत करेल, एकूण साडेतेरा. "आधी" की "नंतर" हे वाचण्यातच बरेच मार्क जातात.

त्रैराशिक:
वरचं बरोबरच आहे, मी "का" बद्दल लिहितो कारण विचारलंय तेच. दिवसांची बेरीज कधीच होत नाही, सरासरीही चालत नाही. बेरीज होते ती एका दिवसात किती काम होतं त्याची. माणूस जितका वेगवान तितके दिवस कमी, व्यस्त प्रमाण आहे, म्हणून आधी दिवस उलटे करून 1/12 आणि 1/18 करायचे, बेरीज 5/36, आणि परत उलटं केलं की 36/5 म्हणजे तुमचे 7.2. लसावि घेणं म्हणजे हेच, फक्त अपूर्णांक टळतात.

भास्कराचार्यांचं 12व्या शतकातलं चार झऱ्यांचं गणित माझं फार आवडतं आहे. एकेकटा झरा टाकी 1 दिवसात, अर्ध्या दिवसात, 1/3 दिवसात आणि 1/6 दिवसात भरतो, चारही एकदम सोडले तर? दिवसाला 1, 2, 3 आणि 6 टाक्या, मिळून 12, म्हणून 1/12 दिवस. किती स्वच्छ दिसतं बघा.

गळती असेल तर तिचा वेग वजा करायचा. नळ 6 तासांत टाकी भरतो पण गळतीमुळे 8 तास लागतात, तर 24 भागांपैकी तासाला 4 यायला हवे होते, आले 3, म्हणजे गळती तासाला 1 भाग, भरलेली टाकी ती एकटी 24 तासांत रिकामी करेल.

आणि एक सवय लावून घ्या. दोघांचं मिळून उत्तर नेहमी वेगवानाच्या निम्म्या आणि हळू माणसाच्या निम्म्या दिवसांच्या मधे येतं. इथे 6 आणि 9 च्या मधे, 7.2 आहेच. पर्यायांत 15 दिसलं की वाचायच्या आधीच खोडा.

शेष_शून्य:
खूप खूप आभार दोघांचे, तो 45 वाला विचार एकदम डोक्यात बसला!! अजून एक विचारते, हेच अ आणि ब एक दिवसाआड आलटून पालटून काम करत असतील तर 7.2 ची दुप्पट 14.4 बरोबर का?

लसावि_वाला:
नाही, इथे बरेच जण फसतात. दोन दिवसांची एक जोडी धरा, जोडीत 5 भाग. 7 जोड्या म्हणजे 14 दिवसांत 35 भाग, उरला 1 भाग, आणि तो कोणाच्या वाट्याला येतो यावर सगळं आहे. अ ने सुरुवात केली असेल तर पंधराव्या दिवशी अ येणार, त्याला 1/3 दिवस लागेल, उत्तर 14 पूर्णांक 1/3. ब ने सुरुवात केली असेल तर अर्धा दिवस, साडेचौदा. 14.4 दोन्हीकडे येत नाही, कारण दुप्पट करताना आपण उरलेला भागही दोघांत वाटून टाकतो आणि त्या दिवशी कामावर एकटाच असतो.