डोळ्यांची तपासणी नेमकी किती वर्षांनी करून घ्यावी?

प्रश्न (खानापूर तालुका)
नमस्कार. माझे वय 46 आहे. दूरचे स्वच्छ दिसते. वाचायला चाळिशीचा चष्मा लागतो आणि त्याचा नंबर अधूनमधून बेळगावातील चष्म्याच्या दुकानात तपासून घेतो. आईला काचबिंदू असून तिचे थेंब कायमचे चालू आहेत. काही त्रास नसताना मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे का, आणि जायचे तर किती वर्षांनी, यावरून घरात एकमत होत नाही. गावात होणाऱ्या नेत्रशिबिरावर भागेल का? मुलगी 9 वर्षांची आहे, तिच्याविषयीही जाणकारांनी सांगावे.

उत्तर 1 (निपाणी, चष्म्याचे नंबर तपासणे हाच माझा व्यवसाय आहे)
सर्वांना लागू पडेल असा एक आकडा नाही. ब्रिटनमध्ये साधारणपणे दर 2 वर्षांनी तपासणी सुचवतात. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते, तक्रार नसली तरी चाळिशीत एकदा संपूर्ण तपासणी व्हावी, 54 पर्यंत ती 2 ते 4 वर्षांनी, 64 पर्यंत 1 ते 3 वर्षांनी आणि 65 नंतर 1 ते 2 वर्षांनी व्हावी. मात्र ही मुदत ज्यांना विशेष धोका नाही त्यांच्यासाठी आहे, आणि आपण त्यांत मोडत नाही. काचबिंदू झालेल्या व्यक्तीच्या मुलांना आणि सख्ख्या भावंडांना तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते.

काचबिंदूत डोळ्यामागची नस, बहुधा डोळ्यातील वाढलेल्या दाबाने, हळूहळू खराब होते. या आजाराच्या नेहमीच्या प्रकारात डोळा दुखत नाही, लाल होत नाही. आधी कडेची नजर जाते आणि समोरची अक्षरे बराच काळ नीट वाचता येतात. त्यामुळे दुकानातला नंबर अचूक निघाला तरी त्यावरून काचबिंदूविषयी काहीच कळत नाही. (हे मी माझ्याच धंद्याविरुद्ध सांगतो आहे.) डोळ्यातील दाब सामान्यतः पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटर असतो, पण काहींची नस या मर्यादेतल्या दाबानेही खराब होते, म्हणून दाबाबरोबर डोळ्यामागची नस पाहणे आणि गरज वाटल्यास कडेच्या नजरेचा आलेख काढणे आवश्यक असते. गावातील शिबिराचा रोख बहुधा मोतीबिंदूवर असतो, तेवढ्यावर आपण विसंबू नये. एकदा संपूर्ण तपासणी करून घ्यावी. पुढची मुदत डॉक्टरच ठरवतील.

उत्तर 2 (वडगाव, बेळगाव)
वरील माहितीला मधुमेहाची जोड द्यावीशी वाटते. आमच्या घरी यंत्रमाग आहेत. वडिलांना तुटलेला धागा दिसतो, म्हणजे डोळे चांगले आहेत, अशी सर्वांची समजूत होती. परंतु प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात निदान झाले त्याच वेळी आणि पुढे दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासावा लागतो, कारण पडद्यावरील बदल नजर अधू होण्याच्या कितीतरी आधी सुरू होतात.

दादा, बेळगावला दुचाकीने जाऊ नका. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास जवळचे पुसट दिसते आणि उजेड सोसत नाही. बसने जावे, सोबत कोणीतरी न्यावे आणि आईचे जुने कागद पिशवीत ठेवावेत.

उत्तर 3 (चिकोडी, प्राथमिक शिक्षिका)
मुलीची तपासणी शाळेच्या तपासणीवर सोडू नये. एकाच डोळ्याला मोठा नंबर असेल तर मूल दुसऱ्या डोळ्याने सगळे निभावून नेते आणि तक्रार करत नाही; मोठ्या नंबरचा डोळा मंद राहिला तर वयाच्या सात-आठ वर्षांच्या आत उपचार केल्यास सर्वांत चांगला गुण येतो, नंतर सुधारणा कठीण होत जाते, अशक्य मात्र नसते. घरी एकेक डोळा तळहाताने झाकून तिला भिंतीवरील दिनदर्शिकेतील तारखा वाचायला लावाव्यात. फरक जाणवला तर लगेच, न जाणवला तरी येत्या सुट्टीत तिला डॉक्टरांना दाखवावे. चष्मा लागलाच, तर वाढत्या वयात नंबर भराभर बदलतो, म्हणून तो निदान वर्षातून एकदा तपासावा लागेल.