शब्दचर्चा: 'मुक्त' की 'खुलं'? कंपनीच्या हातातल्या प्रणालीला काय म्हणावं

पाटावरवंटा:
एका टीव्हीच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. त्यात 'ओपन प्लॅटफॉर्म' असा शब्द आलाय. मुक्त लिहू की खुला? ओपन युनिव्हर्सिटीचं आपण मुक्त विद्यापीठ केलं आणि ओपन कॅटेगरीचा खुला प्रवर्ग, त्यामुळे कोश बघून निकाल लागत नाही. 'मुक्तस्रोत' रुळलाय म्हणून माझा कल 'मुक्त'कडे. प्रणाली अँड्रॉइड आहे.

कल्हईवाला:
अँड्रॉइड असेल तर नुसतं 'मुक्त' लिहू नका. पाया, म्हणजे एओएसपी (अँड्रॉइड ओपन सोर्स प्रोजेक्ट), मुख्यतः अपाची या मोकळ्या परवान्याखाली आहे. कोणीही उतरवावा, बदलावा, विकावा. इथवर 'मुक्त'ला माझी हरकत नाही. पण प्ले स्टोअर त्यात येत नाही, त्यासाठी गूगलशी वेगळा करार. भारतात टीव्ही उत्पादकांना त्यासोबत एक हमीही द्यावी लागे, की अँड्रॉइडची स्वतंत्र वळणाची आवृत्ती आम्ही आणणार नाही. ही हमी एका मॉडेलपुरती नसे. कंपनीच्या सगळ्याच मालाला लागू. स्पर्धा आयोगापुढे हे प्रकरण गेलं आणि एप्रिल २०२५ मध्ये २०.२४ कोटी रुपये भरून गूगलने तडजोड केली. परवाना मुक्त आणि परवाना घेणारा बांधलेला, याला मराठीत एक शब्द असेल तर मलाही हवाय.

रानभेंडी:
माझं मत 'खुलं'ला. साहित्य संमेलनाचं खुलं अधिवेशन आठवा. मांडवात कोणीही बसावं, ठराव मात्र विषय नियामक समितीत शिजून आलेले असतात. २०११ मध्ये हनीकोंब या अँड्रॉइड आवृत्तीची टॅब्लेटं दुकानात आली तरी गूगलने स्रोत (मूळ कोड) महिनोन्महिने रोखून धरला होता. आणि २०२५ पासून तर अँड्रॉइडचं रोजचं काम आतल्या आतच चालतं, आवृत्ती तयार झाली की मग स्रोत बाहेर.

कल्हईवाला:
उपमा चपखल आहे, पण ती कारभारापुरतीच. विकत घेणाऱ्याला नडतं ते वेगळंच. टिवो म्हणून अमेरिकेत टीव्हीचे कार्यक्रम साठवून ठेवणारा डबा होता. आत लिनक्स; त्याच्या जीपीएल परवान्याप्रमाणे (सॉफ्टवेअर वाटलं तर स्रोतही द्या, असं सांगणारा) कंपनीने स्रोतही दिलेला. तो बदलून परत डब्यात घातला तर मात्र डबा चालायचा नाही, कारण सुरू होताना कंपनीची डिजिटल सही तपासली जायची. जीपीएलचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी याला टिवोकरण असं नाव दिलं. २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली, तिच्यात घरगुती उपकरणांसाठी अट घातली: स्रोतासोबत बदललेला स्रोत बसवायला लागणारी माहिती, किल्ल्यांसकट, द्या. लिनक्सचा गाभा दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. परवान्याने सॉफ्टवेअरपुरतं बोलावं, यंत्र कसं बांधायचं ते सांगू नये, हे लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांचं म्हणणं.

घरातला जुना राउटर उघडून बघा. आतल्या सर्किटच्या पाटीच्या कडेला बहुधा चार भोकांची रांग सापडेल: ग्राउंड, व्हीसीसी (वीज), टीएक्स (पाठवणं), आरएक्स (घेणं). व्हीसीसी सोडून बाकी तीन तारा ३.३ व्होल्टच्या सिरीयल केबलने संगणकाला जोडल्या की बूटलोडर, म्हणजे सुरू होताना प्रणाली चढवणारा प्रोग्रॅम, पडद्यावर बोलायला लागतो. काही राउटर तिथेच थांबवून ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्तस्रोत लिनक्स प्रणाली चढवता येते. काही सही बघतात आणि हाकलून देतात. दोन्हींच्या खोक्यावर 'लिनक्स' लिहिलेलं असू शकतं.

(ओपनडब्ल्यूआरटीचा जन्मही असाच. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरात लिनक्स निघालं, जीपीएलमुळे २००३ मध्ये स्रोत द्यावा लागला. पुढे २००५ मध्ये पाचव्या आवृत्तीत कंपनीने मेमरी निम्मी करून आत लिनक्सऐवजी व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त प्रणाली घातली, आणि हौशी लोकांसाठी लिनक्सवाला डब्ल्यूआरटी५४जीएल वेगळा विकला!)

पाटावरवंटा:
मग टिवोकरण झालेल्या डब्याला 'सहीबंद' कसं वाटतं?

रानभेंडी:
'मोहोरबंद' आहेच की.

कल्हईवाला:
मोहोर फोडता येते. इथे फोडली की डबाच बसतो. सहीबंद बरा.

रानभेंडी:
पण कंपनीचं म्हणजे बांधलेलंच असं ठरवून टाकू नका. फ्रीआरटीओएस ही छोट्या चिपांवर चालणारी प्रणाली २०१७ पासून ॲमेझॉनकडे आहे, परवाना एमआयटी हा अगदी मोकळा. चिप कोणाचीही घ्या, ॲमेझॉनच्या क्लाउडला जोडायची सक्ती नाही. मायक्रोसॉफ्टने थ्रेडएक्स ही तशीच प्रणाली विकत घेतली आणि २०२३ मध्ये एक्लिप्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या हवाली केली. त्यांना मी खुशाल 'मुक्त' म्हणेन.

पाटावरवंटा:
तूर्त असं लिहितेय: 'एओएसपी या मुक्तस्रोत पायावर उभारलेली प्रणाली'. पण 'ओपन' कुठे गेलं म्हणून विचारणा होणार.

कल्हईवाला:
होऊ द्या. उलट त्यांनाच विचारा, ग्राहकाला बूटलोडर उघडता येतो का. लेखी 'हो' आलं तर 'मुक्त' लिहा.