इनर लाइट बघून सगळे रडतात, मला राग आला. मीच गलत आहे का?

रात्रीचा_ट्रेकी (इंदूर)

स्पॉयलर आहेत भरपूर. एपिसोड १९९२ चा आहे त्यामुळे आता कोणी ओरडू नका.

तर मी स्टार ट्रेकची नेक्स्ट जनरेशन ही सिरीयल पहिल्यांदाच लाइनीने बघतोय, दुकान बंद करून घरी आलो की रोज एक, आणि काल पाचव्या सीझनचा पंचविसावा लागला, द इनर लाइट. सगळीकडे हेच वाचलेलं की हाच बेस्ट, ह्यूगो अवॉर्ड मिळालंय, रुमाल घेऊन बसा. मी पोहे घेऊन बसलो. रात्री साडेअकराला पोहे, हो, इंदूर आहे.

पोहे अर्धे तसेच राहिले हे खरं आहे. पण रडू नाही आलं, राग आला.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी: एंटरप्राइज ह्या अंतराळजहाजाला एक जुनाट प्रोब, म्हणजे बिनमाणसांचं छोटं यान, भेटतो, त्यातून किरण निघतो आणि कॅप्टन पिकार्ड ब्रिजवरच, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतच, कोसळतो. डोळे उघडतो तर कटान नावाच्या ग्रहावर, रेसिक नावाच्या गावात, आणि समोर एक बाई म्हणतेय की मी एलीन, तुझी बायको, तू कामिन, तुला ताप होता म्हणून तू बरळत होतास. पाच वर्षं हा माणूस मानतच नाही, रात्री आकाश बघत बसतो. मग रुळतो. बासरी शिकतो, दोन मुलं होतात, मित्र जातो, बायको जाते, नातू होतो, आणि गावात दुष्काळ वाढतच जातो कारण त्यांचा सूर्यच संपायला आलाय. म्हातारा झाल्यावर त्याला कळतं की हे सगळं त्या प्रोबने डोक्यात घातलं, ग्रह जळून हजार वर्षं झाली, आणि जहाजावर गेलीत फक्त वीस-पंचवीस मिनिटं.

आता मला सांगा, त्याला विचारलं कोणी?

म्हणजे ठीक आहे, त्या लोकांना वाटलं की आपली कोणीतरी आठवण ठेवावी, मान्य. पण एका परक्या माणसाला रस्त्यात पकडून त्याच्या डोक्यात चाळीसएक वर्षांचा संसार ओतायचा, बायकोच्या मरणासकट, आणि मग सोडून द्यायचं की जा आता ड्यूटीवर? जहाजावरचे मध्येच किरण तोडायला जातात तर तो मरायलाच टेकतो, मतलब नको म्हणायची सोयच नाही ठेवलेली. आणि मेरिबोर, त्याची मुलगी, तिची आठवण आता आयुष्यभर येणार, आणि ती तर कधी त्याची नव्हतीच, कोणाची होती कोण जाणे. बहीण म्हणते तू दगड आहेस. मी दगड आहे का?

---

सेव_जादा_जिरावण_जादा

भिया रात्री साडेअकराला पोहे खाल्ल्यावर जे होतं त्याला राग नाही अ‍ॅसिडिटी म्हणतात 😂

बाकी आमच्या आजीला पक्की खात्री आहे की पिकार्डच्या हाताखालचे ते रायकर गोव्याकडचे आहेत. दाढी ठेवल्यापासून तर फारच. आणि दुष्काळी गावातल्या माणसाचं नाव बटाई ठेवलंय हे ऐकून आमचे गावाकडचे काका इतके हसले की विचारू नका, त्यांची सगळी जमीन बटाईनेच दिलेली आहे.

---

रामबागवाली_ताई

दगड नाहीस रे, पण तू एपिसोड वकिलासारखा बघितलास.

मी हा पाच-सहा वेळा बघितलाय आणि दर वेळी माझं लक्ष त्या पाच वर्षांकडे जातं. त्याला तिथे कोणी बांधून ठेवलेलं नाही. तो रोज डोंगर चढतो, नकाशे काढतो, दुर्बीण लावतो, आणि एलीन त्याला करू देते. भांडते पण करू देते. मग एका रात्री तिच्याशी बोलता बोलता तो म्हणतो की घराला एक खोली वाढवू या का, बाळासाठी. तिथे कुठला किरण नाही, ते त्याचं त्याने ठरवलंय. मला तरी तेव्हाच गलबलून येतं, शेवटाची वाट बघावी लागत नाही. (मोठा झालेला मुलगा बटाई दाखवलाय ना, तो पिकार्डचं काम करणाऱ्या पॅट्रिक स्टुअर्टचा खरा मुलगा आहे, डॅनियल. हे कळल्यावर तो सीन पुन्हा बघ.)

आणि दुसरं, त्यांनी दुसरं काय पाठवायला हवं होतं म्हणतोस? पुस्तकं? आमच्या घरी पणजोबांच्या मोडीतल्या वह्या आहेत, दोन ट्रंका भरून. होळकरांच्या वेळचे हिशेब असतील, पत्रं असतील, नाहीतर नुसत्या लोणच्याच्या मापांच्या याद्या असतील, कोणाला माहीत. घरात मोडी वाचणारं एक माणूस उरलेलं नाही. दर दिवाळीला ट्रंका उघडतो, डांबराच्या गोळ्या बदलतो, बंद करतो. कटानच्या लोकांनी ट्रंक पाठवली असती तर जहाजावरच्या त्या डेटा नावाच्या यंत्रमानवाने स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये टाकली असती आणि विषय संपला असता. पिकार्डला आता ती बासरी वाजवता येते, हा फरक आहे.

---

रात्रीचा_ट्रेकी

ताई ट्रंकेचं पटलं, अर्धं पटलं. पण आपण माणसांनीही पाठवलंच आहे ना. व्हॉयेजर यानांवर १९७७ साली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी लावली, त्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत, मराठी पण आहे त्यात, आणि केसरबाई केरकरांची भैरवी आहे, जात कहाँ हो. सोबत वाजवायची सुई दिली, कशी लावायची ते वरच्या झाकणावर चित्र काढून दिलं. झालं. आता ज्याला सापडेल त्याने वाजवावी नाहीतर त्यावर पापड वाळवावेत, त्याची मर्जी. केसरबाई कोणाच्या डोक्यात शिरून बसत नाहीत. मला ही पद्धत सभ्य वाटते.

---

निवृत्त_मास्तर

चर्चा छान चालली आहे म्हणून मध्ये बोलतो. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो त्यामुळे आधी खोडी काढतो. एपिसोडमध्ये म्हणतात की सूर्य नोव्हा झाला, म्हणजे एकदम भडकला. एकटा तारा असा नोव्हा होत नाही हो. नोव्हाला जोडी लागते, एक श्वेतबटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, आणि शेजारी दुसरा तारा, श्वेतबटू शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढून अंगावर साठवत जातो आणि एक दिवस भडका उडतो. रेसिकच्या आकाशात एकच सूर्य दाखवलाय. आपला सूर्य तापतोय हे खरं, पण अब्ज वर्षांत साधारण १० टक्के, त्याने एका माणसाच्या आयुष्यात विहिरी आटत नाहीत. असो, कथेला लागतं तेवढं द्यावं.

मला खरं सांगायचंय ते वेगळंच. ही गोष्ट मी लहानपणी वडिलांकडून ऐकलेली, योगवासिष्ठातली. लवण नावाचा राजा. दरबारात एक जादूगार येतो, मोरपिसांचा कुंचा फिरवतो, समोर एक घोडा येतो आणि राजा बघता बघता सिंहासनावरच थिजतो. दोन मुहूर्तांनी भानावर येतो आणि घाम पुसत सांगतो की घोड्याने मला रानात नेऊन टाकलं, भुकेला होतो, एका चांडाळाच्या मुलीने जेवण दिलं ते लग्नाच्या अटीवर, साठेक वर्षं मी त्या वस्तीत काढली, मुलं झाली, मग दुष्काळ पडला, सगळे देशोधडीला लागले, पोरगा भुकेने रडायला लागला तेव्हा मी आगीत उडी घ्यायला निघालो आणि इथे जागा झालो. मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं, दोन म्हणजे दीड तासाच्या थोडं वर धरा. पिकार्डपेक्षा थोडा जास्त वेळ लागला एवढंच.

आता गंमत बघा. राजा दुसऱ्या दिवशी शोधायला निघतो आणि ती वस्ती त्याला खरोखर सापडते. दुष्काळाने ओस पडलेली, आणि त्याची सासू लेक-जावयासाठी रडत बसलेली. कुठे सापडते? विंध्याच्या रानात. म्हणजे आपल्या महूच्या पुढे घाट उतरायला लागलं की तिथून सुरू होतं ते. वडील मानपूरच्या घाटात एसटीतून, म्हणजे तेव्हाच्या रोडवेजच्या बसमधून, खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणायचे, बघ, लवणाची सासुरवाडी. मी दर वेळी बघायचो.

तर बाळा, तुझा प्रश्न जुना आहे. लवणालाही कोणी विचारलं नव्हतं. पण सासू सापडल्यावर तो असं म्हणत नाही की ही माझी कोणी नव्हेच.

---

सेव_जादा_जिरावण_जादा

सर मानपूरच्या घाटातून महिन्यातून चार वेळा जातो, आता गाडी हळू चालवावी लागणार

---

मिल_एरियावाला

मी सहसा लिहीत नाही, फक्त वाचतो, पण तो "विचारलं कोणी" वाला मुद्दा डोक्यात फिरतोय दुपारपासून.

आमचे आजोबा इथल्या कापडाच्या मिलमध्ये होते, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. मिल बंद पडली तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. पण मला मिलचा भोंगा कसा वाजायचा ते माहितीये, पहिल्या पाळीचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा, कारण आजोबा तोंडाने काढून दाखवायचे, जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर. कोणता जॉबर, म्हणजे मुकादम, चांगला, कोण लोकांच्या हजेऱ्या खायचा, कॅन्टीनमध्ये कोणत्या वारी काय मिळायचं. मला काहीही इंटरेस्ट नव्हता, खरं सांगतो, मला टीव्ही बघायचा असायचा. पण ते बसलं डोक्यात. आता आजोबा नाहीत आणि अजूनही पहाटे कधी जाग आली तर मला वाटतं भोंगा व्हायची वेळ झाली. जो मी आयुष्यात ऐकलेला नाही.

अनंत चतुर्दशीला झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला जेल रोडवर येता ना सगळे, दुपारपासून चटया टाकून जागा धरता. त्या मिलच्या झांक्या आहेत. मिल नाही, झांकी आहे. पुढे बोर्ड मिलच्या नावाचा, लायटिंग, अखाडे, ढोल, मधे कुठला तरी देखावा फिरतोय, आणि रात्रभर अर्धं शहर रस्त्यावर. बाहेरून आलेल्या मित्राला मी सांगितलं की ह्यातली एक पण मिल आता चालत नाही तर तो माझ्याकडे बघतच राहिला. मग काढता कशाला म्हणाला. मला उत्तर नाही सुचलं, मी त्याला भुट्ट्याचा कीस खायला घेऊन गेलो.

मला पण कोणी विचारलं नव्हतं. पिकार्डला बासरी तरी मिळाली 🙂

---

रामबागवाली_ताई

@मिल_एरियावाला तू रोज लिहीत जा रे.

जाता जाता एक. एपिसोडचं नाव बीटल्सच्या गाण्यावरून घेतलेलं आहे, १९६८ चं, आणि त्या गाण्याचं संगीत मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालंय, वाजवणारे सगळे आपले. आणि पिकार्डची ती बासरी २००६ मध्ये लिलावात ४८ हजार डॉलरला गेली, क्रिस्टीजमध्ये. मी असते तर मीही बोली लावली असती, ट्रंका विकून.

---

रात्रीचा_ट्रेकी

सगळ्यांचं वाचलं. दोनदा वाचलं.

मिलवाल्या भावाचं लागलं मनाला. तरी मी पूर्ण पलटी मारत नाही हां. नातवाला जेवताना सांगणं वेगळं, तो उठून टीव्ही लावू शकतो, तू लावलाच असशील कधीतरी. साठी ओलांडलेल्या कॅप्टनला त्याचं जहाज चालवता चालवता पाडणं वेगळं. माझं अजून तेच म्हणणं आहे की प्रोबवर एक बटण हवं होतं. पण मास्तर, ते सासूचं वाक्य वाचल्यापासून मेरिबोर "कोणाची होती कोण जाणे" हे मी उगाच लिहिलं असं वाटतंय.

आज परत लावला, ह्या वेळी आईबरोबर. तिला ह्यातलं काही माहीत नाही, स्टार ट्रेक म्हणजे ते कानवाले एवढंच. मी मधे मधे सांगत होतो तर मला गप्प केलं. दुष्काळाचं तिला लगेच कळलं, मी सूर्य वगैरे समजावायच्या आधीच. तो बायकोवर वैतागतो तेव्हा म्हणाली, ताप उतरला की माणसं अशीच किरकिर करतात. आणि एलीन मरताना त्याला सांगते ना की आठवणीने चपला जागेवर ठेव, म्हणजे बूट, जे ती सुरुवातीपासून सांगत असते, तिथे आई काही बोललीच नाही. एकदम उठून आत गेली, दूध तापवायला म्हणे. गॅस पेटल्याचा आवाज काही आला नाही.

परत आली तेव्हा शेवट चालू होता, रायकर डबी देऊन जातो, पिकार्ड ती बासरी छातीशी धरतो आणि खिडकीकडे तोंड करून वाजवतो. संपल्यावर तिने विचारलं, पुढच्या भागात वाजवतो का हा? मी म्हटलं सहाव्या सीझनमध्ये एक आहे म्हणतात, लेसन्स, त्यात वाजवतो, अजून मधले वीसेक बाकी आहेत. तर म्हणते मधले तुझे तू बघ, तो आला की मला हाक मार.